वारंवार बंद पडणारे ग्राफिक्स कार्ड : कोल्हापूरच्या संगणक दुरुस्तीवाल्यांना आणि ग्राहकांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील संगणक विक्रेते, दुरुस्ती करणारे कारागीर आणि त्यांच्याकडे मशीन घेऊन येणारे ग्राहक यांस,

ग्राफिक्स कार्ड काम करता करता बंद पडते तेव्हा बाहेरून एकच गोष्ट दिसते : डिस्प्ले जातो. कधी पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. कधी निळी पाटी येते. कधी चित्र जागच्या जागी गोठते आणि स्पीकर तेवढा घरघरत राहतो. कधी अख्खे मशीन आपोआप पुन्हा सुरू होते. दुकानात या चारही प्रकारांना एकच नाव मिळते, "कार्ड उडालं". निदान तिथेच संपते आणि नव्या कार्डाचे भाव सांगणे सुरू होते. वास्तविक ही चार निरनिराळी लक्षणे आहेत आणि त्यांच्यामागची बरीच कारणे कार्डाच्या बाहेर असतात. वीजपुरवठा, धूळ, रॅम, प्रोसेसर, ड्रायव्हर यांपैकी कोणाचाही दोष शेवटी पडद्यावरच उमटतो, कारण माणसाला मशीनचा तेवढाच भाग दिसतो.

कोल्हापुरात हे कार्ड केवळ खेळाचे साधन राहिलेले नाही. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांसाठी सुट्या भागांची थ्रीडी ड्रॉइंग आणि ओतकामाचे सिम्युलेशन करणारी मंडळी, लग्नाचे व्हिडिओ आणि अल्बम जोडणारे स्टुडिओ, फ्लेक्सचे डिझायनर, वास्तुविशारद, अभियांत्रिकीचे विद्यार्थी असा त्याचा वापर पसरला आहे. मशीनमधला सर्वांत महाग भाग बहुधा हाच असतो. म्हणून चुकीच्या निदानाचा भुर्दंडही मोठा. नवे कार्ड येते, जुने पडत्या भावात जाते, आणि महिन्याभराने नवेही तसेच बंद पडू लागते.

विंडोजच्या व्हिस्टा आवृत्तीपासून संगणक ग्राफिक्स कार्डावर पहारा ठेवतो. कार्डाला काम दिल्यावर २ सेकंदांत त्याच्याकडून हालचाल दिसली नाही, तर ते अडकले असे समजून विंडोज ड्रायव्हर आणि कार्ड नव्याने सुरू करते. या व्यवस्थेला टीडीआर म्हणतात. प्रयत्न यशस्वी झाला तर पडदा काळा होऊन परत येतो, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद पडते : डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते, आता तो पूर्ववत झाला आहे. प्रयत्न फसला तर निळी पाटी येते आणि तिच्यावर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' असे लिहिलेले असते. दोन्ही ठिकाणी नाव ड्रायव्हरचे किंवा कार्डाचेच येते. पण त्या नोंदीचा अर्थ उत्तर वेळेत आले नाही एवढाच आहे. का आले नाही, हे तिच्यात नसते. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदारालाच आरोपी धरावे, तशी गत त्या ड्रायव्हरची होते.

ही २ सेकंदांची मुदत रजिस्ट्रीतून वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. जड रेंडरिंग किंवा सिम्युलेशनमध्ये एकेका कामाला खरोखरच दोन सेकंदांहून जास्त वेळ लागू शकतो. तिथे हा उपाय योग्य आहे, थ्रीडी रंगकामाच्या काही सॉफ्टवेअरचे निर्माते स्वतःच तो सुचवतात. गेम खेळताना बंद पडणाऱ्या कार्डाला मात्र त्याने काही गुण येत नाही. दोन सेकंद गोठणारा पडदा आठ सेकंद गोठतो.

तपासाची पहिली पायरी या नोंदी वाचण्याची आहे, आणि नेमकी तीच सर्वांत जास्त वेळा मोडली जाते. मशीन टेबलावर आले की "विंडोज टाकून बघू" म्हणून फॉरमॅट मारला जातो. त्याबरोबर गेल्या कित्येक आठवड्यांचा पुरावा पुसला जातो. विंडोजमध्ये रिलायबिलिटी मॉनिटर नावाचे पान आहे. कोणत्या दिवशी काय बंद पडले हे त्यावर तारखेनिशी दिसते. ते उघडायला मिनिटभर पुरते. नवा ड्रायव्हर किंवा विंडोज अपडेट ज्या दिवशी आला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लाल फुल्या सुरू झाल्या असतील, तर कॅबिनेट उघडण्याचीही गरज नाही.

इव्हेंट व्ह्यूअरमधल्या तीन नोंदी ओळखता आल्या तरी तपासाला दिशा मिळते. ४१०१ असेल तर कार्ड अडकले पण मशीन जिवंत होते. नुसती 'कर्नल-पॉवर ४१' असेल, तिच्याआधी ना निळी पाटी ना दुसरी तक्रार, तर मशीन नीट बंद न होता थांबले एवढे नक्की, आणि मग संशय आधी वीज, एसएमपीएस आणि यूपीएसवर जातो. 'व्हीआ-लॉगर'च्या नोंदी हार्डवेअरची चूक पकडल्याचे सांगतात आणि ती प्रोसेसरच्या गाभ्यात होती की पीसीआय एक्स्प्रेस मार्गावर, हेही बहुधा त्यांत लिहिलेले असते. लिनक्स वापरणाऱ्यांना एनव्हीडियाचा ड्रायव्हर 'एक्सआयडी' नावाचे क्रमांक देतो. त्यांतला ७९ म्हणजे कार्ड मार्गावरून गायबच झाले. त्यामागे पुरवठा, उष्णता, स्लॉटमधला सैल संपर्क किंवा खुद्द कार्ड यांपैकी काहीही असू शकते, पण एखाद्या गेमची सेटिंग बदलून ते सुटत नाही.

नोंदींइतकेच बोलके असते ते लक्षणाचे वेळापत्रक. मशीन चालू करताच, बायोसच्या पानावरच रंगीत चौकोन किंवा उभ्या रेघा दिसत असतील, तर विंडोजचा आणि ड्रायव्हरचा संबंध उरत नाही. तिथे कार्डाची मेमरी किंवा चिप हाच पहिला संशयित, केबल आणि मॉनिटर बदलून खात्री केल्यानंतर. मशीन सुरू झाल्यावर ठरावीक वेळाने, कार्ड तापल्यावरच बंद पडत असेल तर उष्णता. भार एकदम वाढतो त्या क्षणी, म्हणजे गेममधला नवा प्रसंग उघडताना किंवा रेंडर सुरू करताना मशीन विझत असेल तर पुरवठा. आणि संध्याकाळी घरी बंद पडणारे मशीन सकाळी दुकानात दिवसभर ठणठणीत चालत असेल, तर दोष मशीनमध्ये शोधण्याआधी घरच्या प्लगमध्ये शोधावा.

कोल्हापूरच्या संदर्भात वीज हा विषय सविस्तर पाहणे भाग आहे. शहराच्या औद्योगिक भागात एकाच लाइनवर लेथ, वेल्डिंग मशीन, कॉम्प्रेसर असतात. मोठी मोटर सुरू झाली की दिवे क्षणभर मंदावतात. करवीर, पन्हाळा, शिरोळकडच्या गावांत शेतीपंपांच्या वेळेत दाब उतरतो. असा उतार चांगला एसएमपीएस पचवतो. कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेला एसएमपीएस पचवू शकत नाही. त्याच्यावर ठळक अक्षरांत ४५० वॅट छापलेले असते, पण ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर जगतात ते १२ व्होल्टच्या लाइनवर, आणि तिचा आकडा लेबलवर बारीक अक्षरांत असतो. तो १६ अँपिअर असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे जेमतेम १९२ वॅट. आरटीएक्स ३०६० एकटेच १७० वॅट घेते, आरएक्स ५८० तर १८५. प्रोसेसरला उरले किती, हा हिशेब ग्राहकाला कागदावर करून दाखवला तर एसएमपीएसची जादा किंमत त्याला पटवावी लागत नाही.

कार्डाला वीज कुठून किती मिळते याचे आकडे ठरलेले आहेत. स्लॉटमधून ७५ वॅट, सहा पिनांच्या जोडणीतून ७५, आठ पिनांच्या जोडणीतून १५०. जीटीएक्स १६५० सारखे ७५ वॅटचे कार्ड केवळ स्लॉटवर चालू शकते, ३२० वॅटच्या आरटीएक्स ३०८० ला दोन-तीन जोडण्या लागतात. एकाच वायरला दोन तोंडे काढून दोन्ही आठ-पिनी जोडण्या भरणे ही इथे सर्रास दिसणारी चूक. मोठ्या कार्डाला प्रत्येक जोडणीसाठी एसएमपीएसपासून वेगळी वायर द्यावी. मोलेक्सवरून आठ पिन काढणारे स्वस्त अडॅप्टर तर वापरूच नयेत. नव्या कार्डांवरची ६०० वॅटपर्यंत वाहणारी सोळा पिनांची लहान जोडणी शेवटच्या टोकापर्यंत बसली नाही तर तापते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० च्या जोडण्या वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या, तेव्हा एनव्हीडियाने त्याचे मुख्य कारण अर्धवट बसवलेली जोडणी हेच सांगितले होते. काही जाणकारांना जोडणीच्या रचनेतच उणीव दिसते, आणि नंतर तिच्यात सुधारणाही करण्यात आली. कारागिराच्या दृष्टीने धडा तोच : बसवल्यावर फट राहिली आहे का हे डोळ्यांनी पाहावे आणि तोंडाशीच वायर मुडपू नये.

सरासरी भारापेक्षा क्षणिक झटका जास्त घातक असतो. कार्डाची मागणी सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात नेहमीच्या दीड-दोन पट उसळू शकते. जुना किंवा हलका एसएमपीएस त्या क्षणी संरक्षण म्हणून स्वतःला बंद करतो, आणि मशीन विझते. हा त्रास इतका वाढला की २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकाने एसएमपीएसला त्याच्या क्षमतेच्या दुप्पट झटका १०० मायक्रोसेकंद सोसण्याची अट घातली. १२ व्होल्टची लाइन भाराखाली ११.४ ते १२.६ च्या दरम्यान राहिली पाहिजे. ती मोजायला मल्टिमीटर लावावा, सॉफ्टवेअरच्या आकड्यावर विसंबू नये. मल्टिमीटरला मात्र असे क्षणिक झटके दिसत नाहीत. म्हणून आकडा ठीक आला तरी दुसरा, खात्रीचा एसएमपीएस जोडून पाहणे हाच अंतिम पुरावा.

यूपीएसची गोष्ट निराळी. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस बहुतेक ३६० वॅटचा. ऑफिसच्या मशीनला तो पुरतो. ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून भार त्याच्या पुढे गेला की वीज जाताच मशीन जाते आणि दोष कार्डाला लागतो. घरातल्या इन्व्हर्टरवर मशीन चालवायचे असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा असावा आणि यूपीएस मोडवर ठेवलेला असावा. एसएमपीएसमध्ये साठलेली वीज पूर्ण भारावर सेकंदाच्या साधारण साठाव्या भागापुरतीच टिकते, आणि इन्व्हर्टर त्याहून सावकाश बदलला की खेळ संपतो. उघड्या स्क्रूला हात लागताच झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. ते वायरमनचे काम आहे, पण सांगायचे काम दुरुस्तीवाल्याचे.

उष्णता आणि धूळ यांबद्दल सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीजवळ जातो तेव्हा बंद खोलीतल्या कॅबिनेटच्या आत शिरणारी हवाच गरम असते. कारखान्यांजवळच्या धुळीत वाळू, काजळी आणि लोखंडाची भुकटी असते. ही भुकटी वीज वाहते, आणि दमट हवेत ती कार्डाच्या पट्टीवर चिकटली की असे दोष उभे राहतात जे पुसल्यावर नाहीसे होतात आणि दोन महिन्यांनी परत येतात. ऊस तुटून गेल्यावर पाचट पेटवतात, त्या दिवसांत काळी राख खिडकीतून थेट पंख्यापर्यंत पोहोचते. पावसाळ्यात आणखी पाहुणे येतात : उबेला आलेल्या मुंग्या, झुरळे, एखादी पाल. त्यांच्यामुळे गेलेल्या बोर्डांची नोंद कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही.

ब्लोअर मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवावा. हवेच्या झोताने तो भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग बिघडते. सोनेरी पट्टी खोडरबरने पुसण्याची पद्धत रॅमपुरती ठीक आहे. कार्डाच्या पट्टीलाही ती हलक्या हाताने चालते, पण रबराचा कीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढल्याशिवाय कार्ड परत बसवू नये. तापमान पाहताना केवळ गाभ्याचा आकडा पुरत नाही. अनेक एनव्हीडिया कार्डे ८३ अंशांच्या आसपास वेग उतरवू लागतात. त्याच वेळी हॉटस्पॉटचा, म्हणजे चिपवरच्या सर्वांत गरम जागेचा, आकडा गाभ्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त असणे नेहमीचे. हे अंतर पंचवीस-तिसाच्या घरात गेले तर पेस्ट सुकली आहे किंवा हीटसिंक नीट बसलेली नाही. मेमरीवरचे थर्मल पॅड बदलताना जाडी मूळचीच हवी. जाड पॅड बसवला की हीटसिंक चिपपासून उचलली जाते आणि दुरुस्तीनंतर कार्ड आधीपेक्षा जास्त तापते.

ड्रायव्हरचा दोष असतो तेव्हा उपाय सोपा असतो. जुन्याच्या डोक्यावर नवा टाकण्याऐवजी 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' या मोफत साधनाने सेफ मोडमध्ये जुना समूळ काढावा. त्या वेळी इंटरनेट बंद ठेवावे, नाहीतर विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर बसवून मोकळे होते. सर्वांत नवा ड्रायव्हर सर्वांत चांगला असतोच असे नाही. व्यवसायाच्या मशीनवर जो ड्रायव्हर महिनोन्महिने सुरळीत चालला, त्याची फाइल जपून ठेवणे शहाणपणाचे. ब्राउझरमध्ये व्हिडिओ पाहतानाच पडदा जात असेल तर तिथले हार्डवेअर ॲक्सलरेशन बंद करून पाहावे. त्याने दोष थांबला तरी दुरुस्ती झाली असे नव्हे, शोधाची जागा तेवढी कळली.

आता कार्डाच्या नावावर खपणारे दुसऱ्यांचे दोष. त्यांतले सर्वांत मोठे उदाहरण २०२४ चे आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांवर काही गेम सुरू होतानाच बंद पडत आणि पडद्यावर संदेश येई की व्हिडिओ मेमरी संपली. बारा-सोळा जीबीची कार्डे असलेल्या लोकांना तो संदेश येत होता. अनेकांनी कार्डे बदलली. एनव्हीडियाने एप्रिल २०२४ मध्ये अशा ग्राहकांना इंटेलकडे पाठवले. जुलैत इंटेलने मान्य केले की प्रोसेसर स्वतःच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, आणि ऑगस्टपासून बायोसमधून सुधारणा येऊ लागल्या. झिजलेला प्रोसेसर सुधारणेने बरा होत नाही, म्हणून वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. या पिढीच्या मशीनवर "कार्ड क्रॅश होतंय" अशी तक्रार आली तर बायोसची आवृत्ती पाहिल्याशिवाय कार्डाला हात लावू नये.

रॅमचेही तसेच. बायोसमध्ये एक्सएमपी चालू करून रॅम जाहिरातीतल्या वेगावर चालवली की काही मशीन वरकरणी नीट चालतात आणि फक्त गेममध्ये मरतात. एक्सएमपी बंद करून एक दिवस वापरणे ही फुकटची चाचणी आहे. त्यानंतर मेमटेस्ट रात्रभर लावावी. कार्ड उभे बसवण्यासाठी रायझर केबल वापरली असेल तर ती काढून कार्ड थेट स्लॉटमध्ये बसवावे, किंवा बायोसमध्ये स्लॉटचा वेग चौथ्या पिढीवरून तिसऱ्या पिढीवर आणावा. जड कार्ड स्लॉटमध्ये वाकले असेल तर खालून टेकू द्यावा. आणि मशीन दुचाकीवर, मांडीवर धरून शिरोलीहून लक्ष्मीपुरीत आणायचे असेल तर कार्ड आधी काढून वेगळे गुंडाळावे. आपल्या रस्त्यांबद्दल अधिक लिहायला नको.

एवढे सगळे निस्तरल्यावर कार्डाची पाळी येते. तिथे फरमार्क लावून दहा मिनिटे थांबणे हीच चाचणी समजली जाते. फरमार्क उष्णता आणि पुरवठा यांची परीक्षा घेतो. पण त्याच्या भाराखाली कार्ड वीजमर्यादेला टेकते आणि घड्याळाचा वेग खाली आणते. हलक्या कामात तेच कार्ड सर्वांत वरच्या वेगावर पळते आणि काही कार्डे नेमकी तिथेच अडखळतात. म्हणून फरमार्कमध्ये तासभर चालणारे कार्ड गेमच्या मेनूत बंद पडते, तेव्हा ग्राहक खोटे बोलत नसतो. सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० बाजारात येताच असेच घडले. वेग दोन गिगाहर्ट्झच्या पुढे गेला की अनेक कार्डे बंद पडत. चिपच्या मागच्या कपॅसिटरांवरून बराच वाद झाला, एका उत्पादकाने रचना बदलल्याचे सांगितलेही, आणि दहा-बारा दिवसांत आलेल्या ड्रायव्हरने वेगाची ती उसळी आवरून बहुतेकांचा त्रास थांबवला. त्यातून निघणारी चाचणी साधी आहे. आफ्टरबर्नरसारख्या साधनाने घड्याळ ५० ते १०० मेगाहर्ट्झने उतरवावे. त्याने दोष थांबला तर कार्ड कारखान्यातल्या वेगावर टिकत नाही, आणि वॉरंटीत असेल तर तेवढ्यावरच परत पाठवावे. घड्याळाऐवजी वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणल्याने थांबला तर पुन्हा एसएमपीएसकडे किंवा उष्णतेकडे वळावे. मेमरीसाठी 'मेमटेस्ट व्हल्कन' हे मोफत साधन आहे. त्यात एक जरी चूक निघाली तरी कार्डाचा दोष मानायला हरकत नाही.

अदलाबदलीची चाचणी दोन्ही बाजूंनी करावी. संशयित कार्ड चांगल्या मशीनमध्ये लावून पाहिले जाते. चांगले कार्ड संशयित मशीनमध्ये, तेवढ्याच वॅटचे आणि तेवढाच वेळ, क्वचितच लावले जाते. दुकानात मोठा एसएमपीएस, उघडा टेबल आणि स्थिर वीज असते, तिथे कार्ड चालले म्हणजे फक्त कार्ड निर्दोष ठरले.

मेलेले कार्ड हीट गनने भाजून किंवा ओव्हनमध्ये ठेवून जिवंत करण्याचा प्रकार अजून चालतो. त्याची कीर्ती २००८ च्या आसपासची. त्या वर्षी जुलैत एनव्हीडियाने लॅपटॉपमधल्या काही चिपांच्या सदोष साहित्यापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते. चिप आणि तिचे तळपट यांना जोडणारे सूक्ष्म टाके तडकत, आणि गरम केले की काही दिवस पुन्हा टेकत. त्याला दुरुस्ती म्हणणे कठीण. मुद्दाम केलेले रिबॉलिंग वेगळे, त्याला यंत्र आणि सराव लागतो. पण दोष चिपच्या आतल्या टाक्यांत असेल तर तेही व्यर्थ. याउलट मॉस्फेट, फ्यूज, कपॅसिटर, मेमरीची एखादी चिप बदलणे ही खरी दुरुस्ती असते. बाबूराव पेंटरांनी जिथे स्वतः कॅमेरा घडवून चित्रपट काढले, उद्यमनगरात जिथे इंजिनांचे भाग नमुना पाहून बनवले गेले, त्या गावात अशा हातांची वाण कधीच नव्हती. वाण आहे ती काय तपासले हे लिहून ठेवण्याच्या सवयीची.

जुन्या कार्डांच्या खरेदीत दोन गोष्टी पाहाव्यात. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमचे खाणकाम ग्राफिक्स कार्डांवर होणे बंद झाले आणि महिनोन्महिने अखंड राबलेली कार्डे बाजारात ओतली गेली. त्यांचे पंखे आणि मेमरीचे पॅड झिजलेले असतात. बाकीचे कार्ड चांगलेही निघते, फक्त त्याची किंमत तशी हवी. दुसरे, नाव बदलून विकलेली कार्डे. जुन्या चिपचे बायोस बदलून ती जीटीएक्स १०५० टीआय म्हणून खपवली जातात. जीपीयू-झेड हे साधन २०१८ पासून अशी तोतया कार्डे ओळखते. आरएक्स ५८० च्या नावाखाली २३०४ ऐवजी २०४८ गणनघटकांची आवृत्ती येते, ती तोतया नव्हे, पण तिचा भावही तोच नव्हे.

कोल्हापुराला आणखी एक वर्ग जोडावा लागतो, तो पुरातून निघालेल्या मशीनचा. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचे पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्कपर्यंत आले. भिजलेले कार्ड नुसते वाळवून चालू केले तर अनेकदा चालतेही. पण चिपखाली शिरलेला गाळ ओलावा धरून ठेवतो आणि तांबे हळूहळू खातो. दोष काही महिन्यांनी उगवतो. असे कार्ड वीज न देता उघडावे, स्वच्छ पाण्याने आणि मग आयसोप्रोपिलने धुवावे, पूर्ण वाळवावे, पेस्ट व पॅड नवे घालावेत. विकत घेताना स्क्रूंचा गंज, जोडण्यांमधली हिरवट-पांढरी पूड आणि लेबलावरचा पाण्याचा डाग पाहावा. विकणाऱ्याने ते आधीच सांगणे हा व्यवहार झाला.

दुरुस्तीच्या पावतीवर "चेक केले, कार्ड खराब" एवढे पुरेसे नाही. मशीन कोणत्या लक्षणाने आले, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कोणती नोंद होती, कोणता एसएमपीएस लावून पाहिला, गाभ्याचे आणि हॉटस्पॉटचे तापमान किती आले, दुसऱ्या मशीनमध्ये किती वेळ चालवले, या चार-पाच ओळी लिहायला पाच मिनिटे लागतात. तपासणीचे पैसे वेगळे घ्यावेत आणि ग्राहकाने ते खळखळ न करता द्यावेत. तपासणी फुकट ठेवली की तिचा खर्च नव्या कार्डाच्या विक्रीतूनच काढावा लागतो, आणि मग निदानही त्याच दिशेने झुकते. त्या ओळी वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटरला दाखवता येतात. "इथे तर नीट चालतंय" म्हणून कार्ड परत येण्याची शक्यता त्याने कमी होते. दोष दिसतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ, मूळ बिल आणि न फाडलेले सीरियल नंबरचे लेबल सोबत असावे.

वॉरंटीतले कार्ड विनाकारण नाकारले गेले, किंवा चुकीच्या निदानावर खर्च करायला लावला, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ती सेवेतील त्रुटी ठरू शकते. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्काशिवाय. कार्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेले असो वा ऑनलाइन मागवलेले, या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. त्यामुळे कोल्हापूरच्या ग्राहकाला ती कोल्हापुरातच दाखल करता येते.

कळावे.